लुइसाबाईंचं मधलं नाव

बालाघाटला माझं दगडावर नावं कोरायचं दुकान आहे. घराच्या पाट्या, विहाराला देणगी देणाऱ्यांच्या शिळा, शाळांच्या कोनशिला, समाध्या, असं सगळं काम येतं. बाहेरच्यांना वाटतं की हे छिन्नी-हातोडीचं काम. माझ्या वडिलांच्या काळी होतं. आता मी अक्षरांची मांडणी कॉम्प्युटरवर करतो, त्याप्रमाणे रबराची शीट कापून घेतो, ती पॉलिश केलेल्या ग्रॅनाईटवर चिकटवतो आणि त्यावर जोरात वाळूचा मारा करतो. जिथे रबर आहे तिथे दगड जसाच्या तसा राहतो. जिथे रबर नाही तिथे तो दोन-अडीच मिलिमीटर खोल जातो, आणि तेच अक्षर. मग त्यात रंग भरायचा.

यंत्र आलं तरी एक गोष्ट वडिलांच्या काळचीच राहिली. कागदावर खोडता येतं, पत्र्याची पाटी पुन्हा रंगवता येते, ग्रॅनाईटवर कोरलेलं पुसता येत नाही. म्हणून माझ्या दुकानात नियम आहे. आधी कागदावर त्याच मापाचा नमुना काढायचा, गिऱ्हाइकाने तो मोठ्याने वाचायचा, खाली सही करायची, आणि मगच दगडाला हात. काही लोक चिडतात. नाव माझं, मला वाचता येत नाही का, म्हणतात. तरी मी वाचायला लावतो.

याला कारण आमचा जिल्हा. इथल्या आमच्यासारख्या घरांतून मराठी बोलतात, शाळा हिंदीत होते आणि सरकारी कागदावर नाव इंग्रजीत चढतं. त्यामुळे एकच आडनाव तीन वाटांनी जातं. कटंगीकडचे तीन सख्खे भाऊ, आडनाव गजभिये. एकाच घराला तीन दारं केली आणि तीन पाट्या माझ्याकडे टाकल्या. इंग्रजीत तिघांची स्पेलिंगं तीन, कारण प्रत्येकाच्या शाळेतल्या मास्तराने आपल्या मनाने लिहिलं होतं. मी म्हटलं, निदान शेजारी-शेजारी तरी एकसारखं लावा. तिघंही आपापला दाखला काढून भांडायला लागले. त्यांची आई बाजूला बसून होती. ती म्हणाली, “लावू द्या जी. पोस्टमन त चौथंच वाचते.”

अशा गिऱ्हाइकांची मला सवय आहे. पण लुइसाबाईंच्या शिळेच्या वेळी हा नियम सगळा पाळूनही काम चुकलं. ते का चुकलं आणि कसं सुटलं, हे सांगण्यासारखं आहे.

बैहरच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात छोटा दवाखाना आहे. तो स्पेनहून आलेल्या एका नर्सबाईंनी चालवला. त्या तरुणपणी आल्या आणि म्हाताऱ्या होऊन तिथेच वारल्या. नन नव्हत्या, लग्नही केलं नव्हतं. आजूबाजूच्या गावांत दोन पिढ्यांची बाळंतपणं त्यांनी केली. सगळे त्यांना लुइसाबाई म्हणत. दवाखान्याच्या मागेच त्यांना पुरलं.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या कबरीसाठी शिळा सांगायला यमुनाताई शेंडे माझ्याकडे आल्या. या मूळच्या लांजीच्या. मुलगी असताना लुइसाबाईंच्या हाताखाली काम शिकायला गेल्या त्या तिथेच राहिल्या. आता साठीच्या पुढे आहेत. गावाने दगड ठरवला होता, पण तो कसा असावा ते ठरवायचं काम यांच्यावर. त्यांनी कागदावर पूर्ण नाव लिहून आणलं होतं: मारिया लुइसा एचेवेर्रिया गार्सिया.

मी माप लावलं. दगड दोन फूट रुंद ठरला होता. वर देवनागरी, खाली इंग्रजी अक्षरं. इंग्रजीत हे नाव सव्वीस अक्षरांचं, शिवाय शब्दांमधल्या तीन जागा. इंचभर रुंदीचं अक्षर धरलं तर एकोणतीस इंच होतात, आणि दगड चोवीसच. देवनागरीचं वेगळंच. वर वेलांट्या, मात्रा आणि रफार, खाली उकार, त्यामुळे ओळीला उंची दीडपट लागते. मी यमुनाताईंना दोन पर्याय दिले. पूर्ण नाव हवं तर अक्षरं लहान करून दोन ओळींत बसवतो. अक्षरं मोठी हवी असतील तर नाव आटोपशीर करावं लागेल.

त्यांनी फार विचार केला नाही. “मोठेच ठेवा भाऊ. आमच्या गावचे म्हातारे लोकं दवाखान्याच्या दारातून पाहतेत. त्याईले दुरून दिसलं पाहिजे.”

मग मी आपल्या पद्धतीने आटोपशीर केलं. मारिया हाक मारायचं नाव नाही, ते सोडलं. लुइसा ठेवलं. मधल्या नावाचं पहिलं अक्षर घेतलं. शेवटचं आडनाव पूर्ण. लुइसा ए. गार्सिया. मी स्वतः आयुष्यभर एन. डी. बोरकर अशी सही करतो. मधला डी म्हणजे माझे वडील दौलत, आणि त्यांनी कधी तक्रार केली नाही. यमुनाताईंनी नमुना मोठ्याने वाचला, मान डोलवली आणि सही केली. आम्हा दोघांनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. बालाघाटपासून नागपूरपर्यंत कुणाला दाखवलं असतं तरी दिसलं नसतं.

शिळा तयार झाली त्याच सुमारास यमुनाताईंचा फोन आला. लुइसाबाईंची भाची येत होती, म्हणजे त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. तो भाऊ खूप म्हातारा, प्रवास करू शकत नाही. बहिणीची कबर पाहून ये आणि शिळेचा फोटो घेऊन ये, म्हणून त्याने मुलीला पाठवलं होतं. यमुनाताई म्हणाल्या, तुम्ही शिळा बसवायला याल तेव्हा मंदाताईलेही आणा, बोलायला लागल. मंदा माझी बायको. इथल्या शाळेत इंग्रजी शिकवते. रविवार होता, ती यायला तयार झाली. दगड पिकअपमध्ये पेंढ्यावर आडवा ठेवला आणि घाटातून हळूहळू वर गेलो.

भाचीचं नाव अमाया. पन्नाशीची, उंच, केस बारीक कापलेले. तिने आम्हाला पाहिल्याबरोबर हात लावून दगड उतरवायला मदत केली, ते मला आवडलं. मग मी वरचं पोतं काढलं.

तिने वाचलं आणि तिचा चेहरा उतरला. तिने इंग्रजी ‘ई’ या अक्षरावरून आणि पुढच्या टिंबावरून दोनदा बोट फिरवलं. मग मंदाला विचारलं, हे नाव असं लिहायला कुणी सांगितलं? आत्याने सांगून ठेवलं होतं का?

मला वाटलं स्पेलिंग चुकलं. नमुन्याचा कागद मी बरोबर ठेवतो, तो काढायला लागलो. पण भानगड वेगळी होती. मंदाने विचारून-विचारून जे मला सांगितलं ते असं.

त्यांच्याकडे प्रत्येकाला दोन आडनावं असतात. पहिलं बापाचं, त्याच्या मागून आईचं. लग्न झालं तरी बाई ती दोन्ही तशीच ठेवते. म्हणजे एचेवेर्रिया हे आपल्यासारखं मधलं नाव नव्हतंच. तेच त्यांचं आडनाव, बापाच्या घराण्याचं. गार्सिया हे आईकडचं. आम्ही आईचं आडनाव ठसठशीत कोरलं होतं आणि बापाचं एका अक्षरावर आणून ठेवलं होतं.

इथपर्यंत ठीक होतं. माफी मागून दुसरा दगड करता आला असता. पण लुइसाबाई भारतात यायला निघाल्या तेव्हा बापाशी मोठं भांडण झालं होतं. म्हाताऱ्याला मुलगी जाऊ द्यायची नव्हती. तो रागाने म्हणाला होता, जायचं तर जा, पण माझं नाव लावू नकोस. त्यानंतर त्याने पत्र लिहिलं नाही. काही वर्षांनी वारला, तेव्हा लुइसाबाई इथेच होत्या. भाऊ तेव्हा लहान होता, दाराआडून सगळं ऐकत होता. पुढे बहीण-भावाची पत्रं सुरू झाली, पण त्या एका वाक्याबद्दल त्याने कधी विचारलं नाही आणि तिनेही कधी लिहिलं नाही. आता त्याला मरायच्या आधी एवढंच कळायला हवं होतं की बहीण तो राग मनात घेऊन गेली का. आणि मुलगी त्याला फोटो दाखवणार होती तो या दगडाचा, ज्यावर बापाचं नाव खरंच लावलेलं नव्हतं.

मंदाने हे मला सांगितलं आणि मी यमुनाताईंना. त्या माझ्यावरच वैतागल्या. “मंग तुम्ही मले तवाच काहून नाही सांगितलं, का मधलं म्हणजे बाप आहे म्हणून?”

मी म्हटलं, “ताई, आपल्याकडेही मधलं म्हणजे बापच.”

खरंच होतं ते. बापाचं नाव मध्ये दाबून टिंब द्यायची आपली रीत, आणि ती आपण प्रेमाने त्यांनाही लावली.

मंदाने अमायाला ही रीत समजावून सांगितली. माझी सही काढायला लावून दाखवली. तिथे डी म्हणजे सासरे आहेत, ते जिवंत असताना आमच्याच घरात राहत होते, काही भांडण नव्हतं, असंही सांगितलं. अमाया ऐकत होती. हे तुमचं झालं, ती म्हणाली, आत्याचं काय ते कसं कळणार? वडिलांना मी काय सांगू? तुम्ही केलेली चूक आहे हे सांगितलं तरी ते म्हणतील, तू माझी समजूत काढतेस.

दगड तसाच पेंढ्यावर ठेवून आम्ही दवाखान्याच्या ओसरीत बसलो. यमुनाताईंनी चहा केला. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, या आडनावाचा अर्थ काय? माझ्या धंद्यात हा प्रश्न मी सगळ्यांना विचारतो. अमाया जरा मोकळी झाली. तिने कागद घेतला. त्यांचा भाग डोंगराळ, स्पेनच्या उत्तरेला, आणि तिथली भाषा स्पॅनिशहून अगदी निराळी. त्या भाषेत ‘एचे’ म्हणजे घर आणि ‘बेर्री’ म्हणजे नवं. तिथे माणसं घरावरून ओळखली जात. जुनं घर सोडून कुणी नवं बांधलं की तो नव्या घरचा. गावोगाव नवी घरं झाली तशी हे आडनावही गावोगाव झालं. म्हणजे हे नाव लावणारे सगळे एकमेकांचे नातेवाईक नव्हेत.

मी म्हटलं, आमच्याकडे नवघरे आहेत. तिला ते फार आवडलं. माझं विचारलं. मी सांगितलं, बोरकर म्हणजे बोर गावचे. ते बोर कुठलं, हे आमच्या घरात आता कुणालाच माहीत नाही.

मग तिने त्याच नावाची रूपं एकाखाली एक लिहिली. लिहिणारे स्पॅनिशवाले, बोलणारे डोंगरातले, त्यामुळे एचेवेर्रिया, एचेवेर्री, एचावार्रिया, चावार्री, आणि समुद्रापलीकडे गेलेल्यांची आणखी वेगळी. झेवियर हे नावही याच मुळातून निघालं आहे म्हणे. तिने स्वतः आता जुन्या भाषेप्रमाणे लिहायला सुरुवात केली आहे. तिच्या कार्डावर ‘सी-एच’च्या जागी ‘टी-एक्स’ आणि ‘व्ही’च्या जागी ‘बी’ आहे. वडील अजून जुनंच लिहितात. एका घरात दोन. मी गजभियांच्या तीन दारांची गोष्ट सांगितली आणि ती पहिल्यांदा हसली. मंदाच्या डोक्यात मात्र दुसरंच चाललं होतं. ती मला म्हणाली, “म्हणजे तिथल्या बाईचं माहेरचं नाव जातच नाही. माझं रंगारी तर तुम्ही हळद निघायच्या आत काढलं.” यावर मी चहा प्यायलो.

यमुनाताई खांबाला टेकून बसल्या होत्या. एवढा वेळ त्यांना फक्त अधूनमधून एचेवेर्रिया ऐकू येत होतं. अचानक त्या मंदाला म्हणाल्या, “ताई, तिले विचारा, हे होसे आंतोनियो म्हणजे कोण? तिचा आजाच ना?”

अमायाने नाव ऐकून कप खाली ठेवला. तिने अजून आजोबांचं नाव आमच्यापुढे घेतलंच नव्हतं.

यमुनाताईंनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत देतो. “नोव्हेंबरच्या सुरवातीले त्याईचा मेलेल्या माणसाईचा दिवस राह्यते. बाई दरसाल मेणबत्त्या लावे. एकेकाचं पूर्ण नाव घे. अर्धं नाव घेतलं त कोण तो समजत नाही म्हणे. सगळ्यात पहिले हेच घे. होसे आंतोनियो एचेबेर्रिया लार्राल्दे. मंग काहीतरी बोले, ते त मले नाही समजे. पण शेवटी पापा म्हणे. पापा त आपल्याइकडे बी म्हणतेत, म्हणून मले वाटलं, बाप असंल.”

मंदाने हे वाक्य-वाक्य करून सांगितलं, पण नाव सांगायची गरज पडली नाही. मला आणून दिलेल्या कागदावर ‘व’ होता. यमुनाताई ‘ब’ म्हणत होत्या, जसं घरात बोलतात तसं, आणि ‘र्र’वर जीभ अशी थरथरवत होत्या की ते लांजीचं नव्हतंच. ते दुसऱ्या कुणाच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलं होतं. अमायाने पुन्हा म्हणायला सांगितलं. त्यांनी म्हटलं. तिने फोन काढून तिसऱ्यांदा म्हणवून घेतलं, आणि तेव्हा ती रडत होती.

मंदाने विचारलं, तुम्हाला एवढं पाठ कसं? यमुनाताई म्हणाल्या, बाईंनीच करून घेतलं होतं. अंथरुणाला खिळल्या तेव्हा म्हणाल्या, यमुना, मी गेल्यावर एक मेणबत्ती माझ्या बापाची पण लाव, इथे त्याचं नाव घेणारं दुसरं कुणी नाही. “मागच्या साली लावली मी. पहिले त्याईची, मंग बाईची. बुद्ध-वंदना बी म्हणून टाकली वरून. चालते ना?”

चालतं, अमाया म्हणाली.

तो दगड आम्ही बसवला नाही, परत आणला. घरी आल्यावर नवा तीन फुटांचा घेतला. अमाया परत जायच्या आधी तो तयार व्हायला हवा होता, म्हणून बाकीची कामं मागे टाकली. स्पेलिंग कुठलं लावायचं हे मी अमायाला विचारलं. तिचं नवं आणि वडिलांचं जुनं, यात तिला काय हवं ते मी कोरलं असतं. ती म्हणाली, आत्या सही करायची तसं, आणि आजोबाही तसंच लिहायचे. मग जुनंच घेतलं. पूर्ण नाव, चारही शब्द, एकाही टिंबाशिवाय. अक्षराची रुंदी मी इंचावरून खाली येऊ दिली नाही. गावातल्या म्हाताऱ्यांना दारातून दिसायला हवं होतं. नमुना तयार झाल्यावर मी यमुनाताईंना वाचायला लावला आणि एक प्रश्न जास्तीचा विचारला, जो आता मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो: यातलं बापाचं नाव कोणतं आणि ते किती मोठं हवं? लोकांना विचित्र वाटतं. पण उत्तर देताना बरेच जण आधी थोडं थांबतात. जुना दगड दुकानात मागे उभा आहे. कुणी नाव आटोपशीर करा म्हणालं की मी तो दाखवतो.

शिळा दुकानाच्या अंगणात दोन लाकडांवर उभी केली त्या दिवशी अमाया आणि यमुनाताई दोघी आल्या. गावात फोन नीट लागत नाही, म्हणून वडिलांना इथूनच दाखवायचं ठरलं. आमच्याकडे दुपार, त्यांच्याकडे सकाळ. पडद्यावर एक बारीक म्हातारा आला, शर्टाची सगळी बटणं लावलेला. अमायाने फोन शिळेवरून हळूहळू फिरवला. तो ओठ हलवत वाचत होता. एचेवेर्रियावर थांबला आणि हाताने खूण केली, परत. तिने परत फिरवला. मुलीने पाठवलेला यमुनाताईंचा आवाज त्याने आधीच ऐकला होता. किती वेळा ऐकला ते तिने सांगितलं नाही, पण फोन तो घेऊनच झोपतो असं म्हणाली.

मग त्याला यमुनाताईंना बघायचं होतं. अमायाने फोन त्यांच्याकडे वळवला. त्याने हात जोडले. कुणीतरी शिकवलं असावं. यमुनाताईंनी पदर सारखा केला, हात जोडले, आणि मंदाकडे न बघताच म्हणाल्या, “त्याईचं बी पूर्ण नाव विचारून घ्या. पुढं मले लागल.”

मंदा म्हणाली, “अहो ताई, असं कसं विचारायचं?”

“काहून? आता समोर आहेत त सांगतीन. मंग कोणाले विचारू?”

मंदाने माझ्याकडे पाहिलं. मी दगडाकडे पाहिलं. शेवटी तिने अमायाच्या कानाशी जाऊन जमेल तेवढ्या अदबीने सांगितलं. अमायाने डोळे मोठे केले, तोंडावर हात ठेवला, आणि मग बापाला सांगून टाकलं. म्हातारा हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला. पाणी प्यायला. खुर्चीत ताठ बसला आणि शाळेत हजेरी द्यावी तसा एकेक शब्द सुटा करून म्हणाला: इग्नासिओ. एचेवेर्रिया. गार्सिया.

यमुनाताईंनी पहिला शब्द म्हणून पाहिला. जमला नाही. दुसऱ्यांदा म्हटला, थोडा जमला. म्हाताऱ्याने पुन्हा सांगितला, त्यांनी पुन्हा म्हटला, आणि त्याने मान हलवली की बरोबर.

“पुढचे दोन्ही त बाईचेच आहेत,” यमुनाताई म्हणाल्या. “मंग सोपं आहे.”

तिकडून म्हातारा काहीतरी बोलला. अमाया हसत मंदाकडे वळली आणि मंदाने सांगितलं, “ते म्हणतात, काही घाई नाही.”

“हौ,” यमुनाताई म्हणाल्या, “मलेबी नाही म्हणा.”